हायवेला न शिवता दोडामार्ग

किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. गाडी धुतली की चिखल जातो, किस्से सीटखाली तसेच राहतात. कसालला माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. माणूस क्लचची केबल घ्यायला येतो, "यंदा जावन इलात काय?" म्हणून विचारतो, तासभर ऐकतो आणि केबल काउंटरवरच विसरून जातो. परवा एक जण असा तिसऱ्यांदा विसरला, तेव्हा आमची बायको म्हणाली, "ह्या सगळा लिवन काढा आणि भिंतीर चिकटवा. धंदो तरी होयत!" म्हणून हा उद्योग.

तर आमची मोहीम. 'एक्स्पिडिशन' हा नंदूचा शब्द. भात कापून झालं, ओढ्या-वहाळांचं पाणी उतरलं की आम्ही चार गाड्या घेऊन निघतो. देवबाग ते दोडामार्ग, तीन दिवस. सरळ गेलं तर हे अर्ध्या दिवसाचंही काम नाही. पण आमचा एक नियम आहे. हायवे फक्त ओलांडायचा, त्याच्यावरून चालायचं नाही. ज्याची गाडी हायवेवर रेंगाळेल त्याने त्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची. वर्षभर हायवेच्या कडेला बसून मी इतका कंटाळलेला असतो की हा नियम सगळ्यात जास्त मलाच आवडतो.

पहिली गाडी आबांची. आबा आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेले, म्हणून पुढे तेच. दुसरी माझी. तिसरी नंदूची पिकअप, त्याची दोडामार्गकडे काजूची बाग आहे. आणि चौथी देवबागच्या रघूची. रघू होडी घेऊन समुद्रात जातो. गाडी रघूची असली तरी चालवतात मात्र त्याची बायको, सुलूवहिनी.

याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी पावसात रघूची गाडी एका मोरीवरून घसरून शेतात गेली. वहिनी शेजारी बसल्या होत्या, त्यांचं खांद्याचं हाड मोडलं. दोन महिन्यांत त्या पुन्हा मालवणच्या बाजारात मासळी विकायला बसल्या. रघूने मात्र त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. वाऱ्यात होडी घालील, पण गाडी म्हटली की डावीकडच्या दाराकडे वळायचा. शेवटी वहिनींनीच लायसन काढलं.

यंदा निघताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, मी गाडी चलवतंय ती हौशीन नाय. माझा हाड जुळला, ह्येंचा काय ता जुळना नाय. ह्या खेपेक ह्येंच्या हातात गाडी इली तर बरा."

मी म्हटलं, बघूया. दुसरं काय म्हणणार?

*

आबांची गाडी उघडी आणि जुनी आहे, पण आबांचा पाय अजून नोकरीत आहे. कुणी रस्त्याच्या कडेला हात दाखवला की तो ब्रेकवर जातो.

पहिल्याच दिवशी एका वाडीच्या टोकाला एक म्हातारी केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी घेऊन उभी होती. तिने हात दाखवला, आबा थांबले, त्यांच्या मागे आम्ही तिघे थांबलो. म्हातारी चढली, मागच्या तीन गाड्यांकडे तिने एकदा बघितलं आणि "आज गर्दी नाय," म्हणून आरामात बसली.

तिला लेकीकडे जायचं होतं. लेकीचं गाव आमच्या वाटेवर नव्हतं, तरी मोहीम तिकडे गेली. उतरताना म्हातारीने आबांना विचारलं, "परतीची गाडी किती वाजता?"

आबांनी घड्याळ बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सोमवारी. पण टायम सांगूक येवचो नाय."

सोमवारी आम्ही तिला घेऊन आलो.

*

यंदा नंदूने वॉकीटॉकी आणले. 'ओव्हर', 'कॉपी' असं काय काय बोलायचं असतं, ते त्याने सगळ्यांना शिकवलं. वहिनी म्हणाल्या, "ह्या माझ्या जिभेर बसाचा नाय." शेवटी आबांनी तोड काढली. आपल्याकडे कुठलंही काम काढलं की गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला सांगतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तेच सुरू झालं. दर अर्ध्या तासाने आबा बोलायचे, "बा देवा म्हाराजा, चारव गाडयो येकामागसून येक सुखरूप घेवन ये रे म्हाराजा," आणि मागून तीन 'व्हय म्हाराजा' आले की सगळे आहेत असं समजायचं.

दुसऱ्या दिवशी एका घाटीत आबांनी गाऱ्हाणं घातलं आणि पाच 'व्हय म्हाराजा' आले. आबांनी पुन्हा घातलं. पुन्हा पाच. आबा गाडी थांबवून खाली उतरले आणि मागे येऊन गाड्या मोजू लागले.

पुढे वळणावर उलगडा झाला. रस्त्याचं काम चाललं होतं. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायला दोन टोकांना दोन माणसं उभी होती, त्यांच्याकडेही तसलीच यंत्रं. पहिल्या टोकाच्या माणसाने आम्हाला बघितलं आणि दुसऱ्याला कळवलं, "ट्रक थांबव रे. गाराणावाले इले, तेंका आधी सोड."

*

फोनवरच्या नकाशावर माझा विश्वास आहे, असं मी दर वर्षी म्हणतो. यंदा तेवढ्यापुरती माझी गाडी पुढे घेतली, तर त्या नकाशाने आम्हाला सरळ एका घराच्या अंगणात नेलं. वाळत घातलेल्या सुपाऱ्यांपासून हातभर अंतरावर मी ब्रेक मारला. घराचा मालक ओसरीवर दात घासत होता.

मी फोन दाखवून म्हटलं, "ह्यात रस्तो दाखवता."

तो खाली आला, त्याने फोन नीट बघितला आणि म्हणाला, "बरोबर दाखवता. रस्तो होतो. मीच दोन वर्सांपूर्वी थंय घर बांदलंय."

आता मागे फिरायचं म्हणजे आठ किलोमीटर. आम्ही चेहरे पाडून उभे. त्याने चूळ भरली, सुपाऱ्या बाजूला ओढल्या, परसातल्या काट्याकुट्यांच्या कुंपणाची वई एका जागी मोकळी केली आणि चारही गाड्या चुलीजवळून पलीकडे काढून दिल्या. वर चहा पाजला. निघताना म्हणाला, "फुडच्या वर्सा कळवन येवा. गेट करून ठेवतंय."

*

नंदूची पिकअप चिखलात रुतली, तेव्हा रघूने होडीची दोरी काढली. पिकअप आबांच्या गाडीला बांधली, आबांनी ओढली, काम फत्ते. मग गाठ सुटेना. ती दर्यावर्दी गाठ, ताण आणि पाणी मिळालं की आणखी आवळते. गाड्यांना कुणी असली गाठ मारत नाही, पण रघूला दुसरी येत नाही.

नंदूने कोयता काढला. रघू मध्ये उभा राहिला. होडीची धड दोरी कापायची नाही, म्हणाला, वाळली की सुटेल. त्यामुळे पुढचे चार किलोमीटर आबा आणि नंदू बांधलेल्या अवस्थेत गेले. एका नाक्यावर एकाने काळजीने विचारलं, "बंद खयची पडली? फुडची काय मागची?"

आबा म्हणाले, "दोनय चालू आसत. दोरी वाळाची आसा."

त्या दिवशी रघू पोट धरून हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला असं हसताना बघितलं आणि मला फार बरं वाटलं.

*

पाणी ओलांडायचं असलं की मात्र आमचा पुढारी रघूच. तो पँट गुडघ्यावर घेऊन काठीने तळ चाचपत पुढे जातो. पाणी कुठे खोल, वाळू कुठे भुसभुशीत, हे त्याला लांबूनच दिसतं. पलीकडे उभा राहून तो हाताने खुणा करतो आणि आम्ही डोळे मिटून गाडी घालतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोडामार्गच्या अलीकडे शेवटची नदी आली. रघू चालत पलीकडे गेला. आबा गेले, मी गेलो, नंदू गेला. वहिनींची गाडी अलीकडे राहिली. त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरल्या, साडी खोचली आणि रघूने दाखवलेल्या वाटेने पाण्यातून चालत आमच्याकडे आल्या.

"वहिनी, गाडी?" मी विचारलं.

"थंय आसा."

"आणि जेवण?" नंदूने विचारलं. सगळ्यांचं जेवण त्या दिवशी चौथ्या गाडीत होतं. भाकऱ्या आणि सुरमईचं सार.

"ता पण थंयच."

आबा पँट वर करायला लागले. वहिनी म्हणाल्या, "आबा, तुमी बसा." आबा बसले.

रघू म्हणाला, "तुका गाडी घेवन येवक काय झाला?"

"माका भूक लागली," वहिनी म्हणाल्या. "चावी गाडयेकच आसा." आणि नदीकडे पाठ करून दगडावर बसल्या.

नंदू काहीतरी बोलणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला. रघू बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग काठी घेऊन परत गेला. पलीकडे त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. डावं दार उघडलं, बंद केलं. पुन्हा एक फेरी मारली.

"बसले?" वहिनींनी मला हळूच विचारलं. त्या वळून बघत नव्हत्या.

"नाय अजून."

थोड्या वेळाने पुन्हा, "बसले?"

"बसलो तो."

"खयच्या बाजूक?"

मी सांगायच्या आत इंजिन सुरू झालं. वहिनींनी दोन्ही हातांनी दगड घट्ट धरला. गाडी पाण्यात उतरली. मध्यावर आली आणि थांबली. चाकं अर्धी पाण्यात, इंजिन चालू. मग गिअर पडल्याचा आवाज आला आणि गाडी हलली.

ती काठावर चढली, आमच्या समोरून गेली. रघूने डावी-उजवीकडे बघितलंसुद्धा नाही. तांबड्या चढावर त्याने गिअर बदलला, काजूच्या बागेत वळला आणि दिसेनासा झाला. आवाज लांब लांब जात राहिला. आम्ही वाट बघितली. गाडी थांबल्याचं काही ऐकू आलं नाही.

"वहिनी," नंदू म्हणाला, "जेवण गेला."

वहिनी उठल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"जावंदे," त्या म्हणाल्या. "आज उपाशी रवलंव तरी चलात."