लाकूडतोड्याचा डावा गुडघा

कारखान्यात तिला सगळे ठिपकेताई म्हणत. तिचं काम भरतकामाच्या यंत्रांवर नक्षी चढवण्याचं, पण जीव अडकलेला कॉम्प्युटरवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांत.

शिकवायला कोणी नव्हतं. चाळिशी उलटल्यावर कुठल्या वर्गात जाऊन बसणार? शिकणाऱ्यांसाठी म्हणून एका चित्रकाराने इंटरनेटवर ठेवलेला एक लाकूडतोड्या तिला सापडला. बोटभर उंचीचा. तिने त्याची कुऱ्हाड काढून हातात छत्री दिली. मग टोपी उतरवून अंबाडा घातला. सावली कुठे पडते, डोळ्याला किती ठिपके पुरतात, सगळं ती त्या एकाच्या अंगावर शिकली. हात बसत गेला.

शेजारच्या यंत्रावरची मुलगी एकदा म्हणाली, "दुसऱ्याचं चित्र बदलायचं म्हणजे चोरीच की, ताई."

"चोरी कसली? शिकणं आहे ते. कोऱ्या चौकटीसमोर बसलीस तर आठ दिवसांत सोडून देशील."

पाच वर्षांनी दोन भावांनी तिची चित्रं पाहिली. ते घरातल्या घरात खेळ बनवत. त्यांना एक अख्खं गाव हवं होतं. तिने बत्तीस माणसं करून दिली. सुईण, पोस्टमन, शाळेतली मुलगी, पहारेकरी. खेळ विक्रीला आला तेव्हा आईच्या डोळ्यांसमोर फोन धरून तिने एकेक माणूस दाखवला.

"यात मी कुठंय?" आईने विचारलं.

"तुला पुढच्या खेपेला घेते."

तिसऱ्या आठवड्यात लाकूडतोड्याच्या चित्रकाराचं पत्र आलं. 'रागावून लिहीत नाही. तो लाकूडतोड्या म्हणजे माझे वडील. अंगावर झाड पडल्यापासून त्यांचा डावा गुडघा सरळ होत नसे, म्हणून मी तिथे दोन ठिपके आत घेतले होते. तुमच्या सुईणीचा गुडघा तसाच आहे. पोस्टमनचाही, आणि त्या लहान मुलीचासुद्धा. चित्र मी शिकण्यासाठी ठेवलं होतं, विकण्यासाठी नाही. तसं तिथे लिहिलंही होतं.'

तिने बत्तीसच्या बत्तीस माणसं ओळीने मांडली. अख्खं गाव लंगडत होतं. तिला वाटत आलं होतं की माणूस उभा राहतो तो असाच. पाच वर्षांत हा पाय असा का, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

तिने माफीचं पत्र लिहिलं आणि भावांना सगळं कळवलं. संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. "खेळ मागे घेतलाय, ताई. आता सगळी माणसं नव्याने लागतील. कोऱ्यावरून. कराल?"

"करते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ही गोष्ट पसरलेली होती. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "मग मी काय करू? बदलून शिकू की नको?"

ठिपकेताईने यंत्रात नवा दोरा ओवला. त्या लाकूडतोड्याशिवाय तिचा हात उठलाच नसता, हे खरं. आणि त्याच्याशिवाय तो हात कुठेच जात नव्हता, हेही खरं.

"मला नको विचारूस," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिने आईला खिडकीपाशी बसवलं. आई मटार सोलत होती. कोरी चौकट उघडून तिने पहिला ठिपका ठेवला, दुसरा ठेवला. डोकं झालं ते लाकूडतोड्याचं. पुसलं. खांदे काढले, तर तेही त्याचेच, कुऱ्हाड पेलणारे. पुन्हा पुसलं. आईकडे निरखून पाहिलं तर बारीक खांदे, एका अंगाला कललेली मान, सगळं नीट दिसत होतं. पडद्याकडे वळली की हाताला त्यातलं काही आठवत नसे. दुपारपर्यंत एकोणीस वेळा पुसून झालं.

"झालं का गं?"

"नाही."

"पाठ भरून आलीये माझी."

"ऊठ तू."

आई भिंतीला धरून उठली, जाता जाता पडद्यावर वाकली. पुसायचं राहिलेलं एक चित्र तिथे होतं. तिने चष्मा सारखा केला. "हा कोण गं?"

आई आत जाऊन आडवी झाल्यावर ठिपकेताईने खेळवाल्या भावांतल्या थोरल्याला फोन लावला. "मला नाही जमायचं," ती म्हणाली. "दुसरं कोणीतरी बघा."

"दोन आठवडे थांबू का आम्ही?"

"नका थांबू."