निवडुंगाचं कुंपण

नोकरीसाठी अम्मानला राहत होतो, तेव्हाची गोष्ट. माझ्या म्हाताऱ्या घरमालकिणीला परदेशात राहणाऱ्या भाच्यानं मोबाइलवर एक फोटो पाठवला होता. पॅलेस्टाइनमधल्या तिच्या गावाचा. ती सात वर्षांची असताना सैनिकांनी सगळ्यांना तिथून हाकललं, मग घरं पाडली आणि त्या जागी पाइनची झाडं लावली.

मला फोटोत नुसतं रान दिसलं. तिनं मात्र झाडांमधून वाकडीतिकडी गेलेली निवडुंगाची रांग ओळखली. “हे आमच्या घराचं कुंपण. पलीकडे हलीमामावशीचं घर. इथं विहीर.” मोकळ्या जागेवरून तिचं बोट घरोघर फिरत होतं. माणसं गेली, भिंती गेल्या, आणि त्यांची हद्द सांगणारं निवडुंग तेवढं पुन्हा पुन्हा फुटत राहिलं. कुणासाठी, असं माझ्या मनात आलं.

“तू तुझ्या गावी शेवटचा कधी गेलास?” तिनं अचानक विचारलं.

“गेल्या दिवाळीत.”

“कोण कोण होतं?”

मी सहज म्हणालो, “सगळेच होते, आजी.”

“सगळे,” ती हळूच म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की पुढं काही सांगायची मला लाज वाटली.