अजीजचाचांच्या दारातला हॉर्न

रास अल खैमा शहर मागे पडलं की बहुतेकांना वाटतं, संपला देश. संपत नाही. त्याच्याही वर, उत्तरेला, डोंगर थेट समुद्राच्या अंगावर येतात आणि रस्त्याला कशीबशी जागा ठेवतात. एका हाताला मासेमारांच्या होड्या, दुसऱ्या हाताला उघडेबोडके डोंगर, मधे खजुराच्या बागा, आणि रस्ता आपल्या बापाचा असल्यासारख्या मधोमध उभ्या राहणाऱ्या शेळ्या. त्यापुढे ओमानची हद्द. दुबईतल्या उंच इमारतींचे फोटो गावी पाठवणाऱ्या आमच्या पोरांना मी सांगतो, एकदा इकडे या, हीसुद्धा अमिरातच आहे. कोणी येत नाही. मी मात्र दर आठवड्याला जातो, कारण दुबईतल्या रास अल खोरच्या बाजारातून व्हॅन भरायची आणि या गावांच्या दुकानांना भाजी पोचवायची, हे माझं काम आहे.

माझ्या फेरीतलं शेवटचं दुकान अजीजचाचांचं. चाचा दाभोळच्या खाडीकाठचे, मी, समाधान, कराडकडचा. मायदेशी आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. इथे मात्र आठवड्यातून एकदा मराठी बोलायला मिळतं म्हणून ते माझी वाट बघायचे आणि मी आल्यावर कोबी किती खराब आणलास म्हणून मला झाडायचे. चाचांची बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. मुलगी नौशीन दुबईत, इंटरनॅशनल सिटीत राहते.

या भागात दुकानाची एक रीत आहे. गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाही. गाडी दारात थांबते, हॉर्न वाजतो, दुकानदार भर उन्हात पळत जातो, काय हवं ते ऐकतो, परत येतो आणि पिशवी भरून पुन्हा धावतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. चाचांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. उलट कुठली गाडी आली ते हॉर्नवरून ओळखायची त्यांना भारी हौस. "हा मास्तर, याला सिगारेट," असं म्हणत ते सिगारेट घेऊनच बाहेर पडायचे.

सगळ्यात लाडका हॉर्न अबू हम्मादचा. अबू हम्माद म्हणजे हम्मादचे वडील. इथे मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. म्हातारा जुन्या पांढऱ्या पिकअपमधून रोज असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजनंतर यायचा. दोन छोटे हॉर्न. चाचा ताक आणि खुबूसची, म्हणजे इथल्या रोटीची, पिशवी घेऊन जायचे आणि त्याच्या शेजारी बसून गप्पा मारायचे. थंडीत म्हातारा डोंगरावरच्या आपल्या दगडी घरी राहायला जायचा, तेव्हा जातानाही हॉर्न द्यायचा आणि महिन्याभरानं उतरून आला की पुन्हा द्यायचा. येताना डोंगरातला मध आणायचा. दाभोळला चाचांचे वडील गेले आणि यांना जाता आलं नाही, त्या दिवशी या माणसानं चाचांना मशिदीत पाठवलं आणि स्वतः गल्ल्यावर बसला. कोणाला काय दिलं याचा त्याला पत्ता नव्हता, पण दुकान बंद ठेवलं नाही. चाचा हे मला दर दोन-तीन महिन्यांनी नव्यानं सांगायचे.

मग गेल्या वर्षी सुट्टीत नौशीन मुलाला घेऊन आली. मुलगा तहा, सात-आठ वर्षांचा, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारा. त्यानं दिवसभर आजोबांची धावपळ बघितली आणि संध्याकाळी विचारलं, "नाना, व्हाय डू यू रन व्हेन दे हाँक?"

पोर साधं विचारत होतं, पण नौशीनच्या जिव्हारी लागलं. "अब्बा, तुमचा गुडघा बघा, बीपी बघा. तुम्ही काय नोकर आहात का त्यांचे? ज्याला पाहिजे तो आत येईल," ती म्हणाली. दुबईला जाऊन तिनं एक झकास बोर्ड करून पाठवला, अरबी आणि इंग्रजीत: कृपया हॉर्न वाजवू नका, आत या. चाचांनी तो दारावर लावला. मला वाटतं, नातवाच्या नजरेत त्यांना मोठं व्हायचं होतं. त्यात चूक काय होती, मला अजून कळत नाही.

बोर्ड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी असरनंतर पांढरी पिकअप आली. दोन छोटे हॉर्न वाजले नाहीत. एकच लांबलचक हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला.

दुकानाची काच जाहिरातींच्या स्टिकरांनी भरलेली, त्यामुळे आतून नुसती गाडी दिसायची, माणूस नाही. चाचांना वाटलं, म्हातारा बोर्डावर रागावलाय. त्यांनाही राग आला. इतक्या वर्षांचा दोस्त आणि साध्या एका पाटीवरून असा भोंगा वाजवतो? बघू या, उतरतो की नाही. ते स्टुलावर बसून राहिले.

हॉर्न थांबला तो समोरच्या टायरवाल्या पठाणानं पिकअपचं दार उघडल्यावर. अबू हम्माद स्टीअरिंगवर कोसळला होता. पक्षाघाताचा झटका. लोकांनी उचलून इस्पितळात नेला. जीव वाचला, उजवी बाजू गेली.

हे सगळं चाचांनी मला टोमॅटोचे क्रेट उतरवताना सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "समाधान, त्याला वाचता येत नाही रे. त्याच्या गोळ्यांची पाकिटं इतकी वर्षं मीच वाचून देतो. तो बोर्डावर रागावेल कसा? एवढं माझ्या डोक्यात आलं नाही."

बोर्ड त्यांनी त्याच संध्याकाळी उतरवला होता.

काही दिवसांनी हम्माद आला. त्यानं गाडी लांब लावली, चालत आत आला आणि इथल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "अजीज, बाबा बोलता, हॉर्न दिया, अजीज काय को नहीं आया?"

आवाजात राग नव्हता. बापानं विचारलं होतं, मुलानं निरोप पोचवला. चाचा एवढंच बोलले, "मैं आएगा घर पे. इन्शाल्ला."

पण गेले नाहीत. दर फेरीला मी विचारायचो आणि ते म्हणायचे, पुढच्या शुक्रवारी. मला राग यायचा. शेवटी एकदा मीच दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणालो, "यल्ला चाचा, खलास, आत्ताच्या आत्ता व्हॅनमध्ये बसा." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ताक आणि खुबूस पिशवीत घेतलं.

म्हाताऱ्याचं घर खजुराच्या बागेला लागून. फाटकाशी थांबलो आणि माझा हात सवयीनं हॉर्नकडे गेला. चाचांनी मनगट धरलं.

"नको. हॉर्न नको."

"मग उतरा आणि बेल वाजवा."

ते उतरले नाहीत. भिंतीपलीकडे शेळ्या ओरडत होत्या. "तो विचारेल ना रे. मी आत होतो आणि मुद्दाम आलो नाही, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू? खोटं सांगितलं तर त्याला कळेल. चल मागे." मी पुष्कळ समजावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा गाडी वळवली.

पुढच्या फेरीला गेलो तर अबू हम्मादला पुरून दोन दिवस झाले होते. जनाज्याला चाचा सगळ्यांच्या मागे उभे होते, असं पठाण म्हणाला.

तेव्हापासून त्या दारात कोणी हॉर्न देत नाही. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक. मास्तर गाडी लावून आत येतो, बायका ड्रायव्हरला आत पाठवतात, काल मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा उतरून येतात आणि सलाम करतात. चाचांची कीव करतात की त्यांना शिक्षा देतात, हे मला सांगता येणार नाही. चाचांनाही येत नाही. "बोर्ड काढला रे मी. आता बोर्ड नाहीये ना? मग हॉर्न का नाही देत कोणी?" असं ते मला विचारतात, जणू मी गावचा सरपंच आहे.

परवाही तेच विचारलं. मला राहवलं नाही. माल उतरवून झाला, ते आत गेले, मी व्हॅन सुरू केली आणि जाण्याआधी हॉर्न दिला. दोन छोटे. म्हटलं, कोणीतरी द्यायला हवा.

चाचा धावत बाहेर आले. गुडघा ओढत, एका हातात ताक, दुसऱ्या हातात खुबूस. व्हॅन दिसली आणि जागीच थांबले. मी खिडकीतून बघत राहिलो. मग ते हळूहळू जवळ आले आणि ताकाची बाटली माझ्या हातात दिली.

"घे," म्हणाले. "थंड आहे. वाटेत पी."