खिडकीजवळची कॉट

बारकीला घरी कधी स्वतःची कॉट नव्हती. चार भावंडांत ती शेंडेफळ. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आई शाळांचे गणवेश शिवायची, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात बारकी शिलाई मशीनखाली पाय घालून झोपायची. त्यामुळे विद्यापीठाच्या वसतिगृहात एकवीस नंबरच्या खोलीतली खिडकीजवळची कॉट तिच्या वाट्याला आली, तेव्हा ट्रंक खाली ठेवायच्या आधीच तिने त्या कॉटवर आडवं पडून हातपाय ताणून पाहिले. कुणालाच लागले नाहीत.

"झालं का मोजमाप?" दारातून आवाज आला.

दोघी उभ्या होत्या. एक ताडमाड उंच, दुसरी चष्मेवाली. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, आणि खोलीतल्या दुसऱ्या दोन कॉट त्यांच्या.

"इथे आमची मैत्रीण येणार आहे," उंच मुलगी म्हणाली. "यादीत घोळ झालाय. तिला खाली सात नंबर मिळालीय. तू तिथे जा, ती इथे येईल."

बारकी भांडकुदळ नव्हती. ती खाली जाऊन सात नंबर बघून आली. भिंतीला बोटभर ओल, खिडकीसमोर पाण्याची टाकी, शेजारी संडास.

"मी नाही बदलणार," वर येऊन तिने सांगितलं.

"बघू किती दिवस टिकतेस," चष्मेवाली म्हणाली.

त्या दिवसापासून दोघी तिला पाण्यात पाहू लागल्या. ती कॉट रिकामीच आहे अशा थाटात त्या तिच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलायच्या. तिच्या खुर्चीवर त्यांचे बूट वाळायचे, तिचा टॉवेल दोरीवरून खाली येऊन पायपुसणं व्हायचा. तासावरून परत यावं तर आतून कडी. पंधरा मिनिटं दार ठोठावल्यावर उंच मुलगी सावकाश दार उघडायची आणि जांभई देत म्हणायची, "अगं बाई, ऐकूच आलं नाही." मेसमध्ये बारकी ताट घेऊन आली की शेजारच्या रिकाम्या खुर्च्यांवर लगेच दप्तरं पडायची.

ती रेक्टरबाईंकडे गेली. बाईंनी ऐकून घेतलं, पण डोळे समोरच्या रजिस्टरवर. "पहिल्या वर्षी सगळ्यांचं असंच होतं, बाळ. जुळवून घ्यायचं," म्हणाल्या आणि काखा वर केल्या.

दर रविवारी आईचा फोन यायचा. "जेवतेस ना नीट? मैत्रिणी मिळाल्या का?"

"मिळाल्या की. मस्त आहेत दोघी."

"त्यांना घेऊन ये एकदा घरी."

"हो," बारकी म्हणायची आणि घाईने फोन ठेवायची.

पण ती काही अगदी गरीब गाय नव्हती. एके सकाळी दोघी आंघोळीला गेल्या असताना तिने खिडकीत ठेवलेला चष्मा उचलला आणि कपाटाच्या मागे सरकवला. मग कॉटवर पुस्तक उघडून बसली. चष्मेवाली भिंत चाचपत, टेबलावर हात फिरवत तासभर शोधत राहिली. तिचं पहिलं लेक्चर बुडालं. बारकीला आधी स्वतःची लाज वाटली. दुपारपर्यंत ती ओसरली, आणि उरलं ते फक्त समाधान.

कडेलोट झाला तो चौथ्या महिन्यात. रसायनशास्त्राचं जर्नल शुक्रवारी द्यायचं होतं. गुरुवारी दुपारी बारकी खोलीत आली, तर जर्नल तिच्याच बादलीत बुडालेलं. आकृत्यांची निळी शाई पाण्यात उतरली होती. दोघी आपापल्या कॉटवर वाचत होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

बारकी रडली नाही. जर्नल उचलून ती गच्चीवर गेली आणि एकेक पान सुटं करून कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लावू लागली. तिथे एक मुलगी चादर झटकत होती. बारकी तिला ओळखत होती. हीच ती सात नंबरवाली, जिच्यासाठी एवढं महाभारत चाललं होतं.

पानं बघून तिचा चेहरा पडला. "त्यांनी केलं?"

"मग काय पाऊस पडला? तुझ्यासाठीच केलं."

ती मुलगी जवळ आली. इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात म्हणाली, "ऐक, तू ती खोली सोडू नकोस. मला त्यांच्यात जायचंच नाहीये. शाळेत सहा वर्षं दोघींनी मला बोटावर नाचवलंय. मी आपली म्हणते, तिने कॉट सोडली की येते. तू सोडत नाहीस, म्हणून माझं निभावतंय."

बारकीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. चार महिने तिने जे सोसलं, ते ह्या बाईला सोयीचं पडत होतं!

"मग सांग ना त्यांना तसं."

"नाही सांगता येत गं. तुला माहीत नाही त्या कशा आहेत."

"मला माहीत नाही?" बारकीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला?"

त्याच संध्याकाळी मेस गच्च भरलेली असताना ती तिघींच्या टेबलापाशी गेली. चष्मेवालीने खुर्चीवर दप्तर टाकलं. बारकीने ते उचलून जमिनीवर ठेवलं.

"तुमची ही मैत्रीण तुमच्या खोलीत कधीच येणार नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तिला तुम्ही दोघी नको आहात. गच्चीवर मला तिने स्वतः सांगितलं. विचारा."

उंच मुलगी हसली, मग मैत्रिणीकडे वळली. "काय गं?"

सात नंबरवाली ताटात बघत राहिली. तिने नाही म्हणायला हवं होतं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. उंच मुलगी अर्धं ताट तसंच टाकून उठली.

त्रिकूट त्या दिवशी मोडलं. दोन दिवसांनी सात नंबरवालीने बारकीला जिन्यात गाठलं. रडून डोळे सुजले होते. "गप्प राहिली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

"माझं जर्नल गेलं," बारकी म्हणाली आणि तिला ओलांडून वर गेली.

जर्नल तिने तीन दिवस बसून पुन्हा लिहिलं. उशिराचे पाच गुण कापले गेले. खोलीत त्यानंतर कुणी तिच्या वस्तूंना हात लावला नाही, पण शब्दही बोललं नाही. तीन कॉट, तीन दिवे, आणि त्या दोघी नि बारकी एकमेकींना भिंतीसारख्या.

वार्षिक परीक्षेच्या आठवडाभर आधी, एका दुपारी, चष्मेवालीने पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं, "ते सातवं प्रकरण परीक्षेला आहे का?"

ती आणि बारकी एकाच वर्गातल्या. सरांनी ते प्रकरण वगळलं, त्या दिवशी चष्मेवाली तासाला नव्हती. कित्येक महिन्यांत ती बारकीशी पहिल्यांदाच सरळ बोलत होती, आणि आवाजात काकुळती होती. बारकीने तिच्याकडे पाहिलं. 'नाही, वगळलंय' हे तिच्या तोंडाशी आलं होतं.

"आहे," बारकी म्हणाली. "अख्खं."

चष्मेवालीने मान हलवली. दोन दिवस ती ते प्रकरण घोकत बसली होती, ओठ हलवत, बोटं मोजत. तीन हातांवर बारकी आपल्या कॉटवर सहावं प्रकरण वाचत होती, आणि तिने एकदाही तोंड उघडलं नाही.