‘हसा’ न म्हणता काढलेले फोटो

मी कुपवाडला कारखान्याच्या लॅबमध्ये होते तेव्हा काकांचा फोन आला. “आईला जरा बरं न्हाई, बाळ. सवडीनं ये.” काकांनी मला जन्मात कधी बाळ म्हटलं नव्हतं. त्यांच्यासाठी मी कायम ‘ए सुजे’. त्या एका शब्दानंच संशय आला. विचारलं, “काका, आई हाय ना?” “तू ये आधी,” म्हणाले आणि फोन ठेवला. शिराळ्याला पोचायच्या आधीच मला सगळं कळलं होतं.

आई फोटोग्राफर होती. स्टुडिओ वडिलांनी टाकलेला. मी तिसरीत असताना ते गेले आणि गाळा भाड्यानं द्यायचं घरात ठरत होतं, तेवढ्यात आईनं कुलूप उघडून कॅमेरा हातात घेतला. आसपासच्या गावातल्या बायका तिच्यापुढं मोकळेपणानं बसायच्या. हनुवटीला बोट लावून ती मान वळवायची आणि म्हणायची, “हसा आता. घरी जाऊन भाकरीच थापायच्या हायत.” बाई खरोखर हसायची, तेवढ्यात बटण दाबलेलं असायचं. माझे फोटो मात्र रोलच्या शेवटी उरलेल्या जागेत. तापात कपाळावर पट्टी ठेवलेली मी, पडलेला दात दाखवणारी मी, पुस्तकावर गाल टेकून झोपलेली मी. हे फोटो आतल्या खोलीत दोरीला चिमट्यानं लावलेले असायचे, बाहेरच्या काचेत कधीच नाहीत. विचारलं की म्हणायची, “गिऱ्हाइकाला काय करायचंय तुझ्याशी?”

बारावी झाल्यावर निराळंच सुरू झालं. साडी नेसवून ती मला पडद्यापुढं उभी करायची, छत्रीचा लाईट लावायची आणि ऐन बटण दाबताना असं काही बोलायची की माझं डोकं फिरायचं. “सांगलीला कॉलेजात जाऊन काय दिवे लावणार हायस?” मी डोळे वर करून बघायची, की फ्लॅश. “झालं,” म्हणायची. त्या फोटोंत मी पोलीस ठाण्यात बसवल्यासारखी दिसायची.

काका दर बाजाराच्या दिवशी येऊन बसायचे. “वैनी, माण तालुक्यातलं स्थळ हाय. पोरगा मुंबईत कामाला, शेरडं-मेंढरं घरची.” आई माझ्या फोटोचं पाकीट काढून द्यायची. एकदा मी तोंडावर विचारलं, “माझा फोटो दिलास?”

“दिला.”

खोटं तरी बोलायचं... “मला शिकायचंय.”

“मग शीक की. तुझं पुस्तक कुणी धरून ठेवलंय?”

मी सांगलीला वसतिगृहात राहिले. सुट्टीला आले की पुन्हा साडी, पुन्हा पडदा. आपली आईच आपल्याला विकायला निघाल्यासारखं वाटायचं. नकार येत राहिले. बरं वाटायचं, आणि अपमानही वाटायचा. तेवढ्यात माझं बी.एस्सी. झालं. आमच्या भावकीत डिग्री घेतलेली मी पहिली. कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. त्या दिवशी फोटो काढताना आईनं पहिल्यांदा म्हटलं, “हस की गं आता.” मला त्याचाच मोठा संशय आला. मी हसले नाही.

तेराव्याला काकांनी एक पिशवी आणून दिली. पाव्हण्यांकडून परत आलेले माझे फोटो. “जगाचं फोटो लय झ्याक काढायची वैनी. तुझ्याच फोटोला हात कसा बसला न्हाई, कुणास ठाऊक. माणवाली म्हनली, पोरगी बघती का दरडावती?” ते हसले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

एकेक फोटो काढून बघितला. सगळ्यांत तेच डोळे. “काका, आतल्या खोलीतले कधी मागितले नाहीत तुमी?”

“मागितलं की. म्हनली, ती रोल संपवायला काढल्याली. खराब हायत.”

मी आत गेले. दोरीवर बारावीच्या वर्षीचा फोटो होता. न्हालेले केस पुसताना मी कशावर तरी पोट धरून हसतेय. तो खराब नाही. एवढा चांगला फोटो तिनं दुसऱ्या कुणाचाच काढला नसेल.

लॅबमध्ये काम करणारी मी; पुराव्याशिवाय बोलत नाही. तिनं मुद्दाम केलं, असं छातीठोक सांगणार नाही. आई तशी फटकळच होती. तिला खरंच माझं लग्न उरकायचं असेल आणि जिभेवर ताबा नसेल, असंही असू शकतं. मरेपर्यंत तिनं ताकास तूर लागू दिली नाही...

आता भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. दुसऱ्यांचे काढण्यात तिचा स्वतःचा राहूनच गेला. गेल्या दिवाळीत मी मोबाईलवर काढलेला एक निघाला. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून ती माझ्याकडं रोखून बघतेय, “कशाला पायजे गं तुला माझा फोटो?” असं विचारत होती तेव्हा. फ्रेमवाला म्हणाला, “ताई, दुसरा नाही का? रागावल्यासारख्या दिसतायत.” काकाही तेच म्हणाले.

“दुसरा न्हाई,” म्हटलं. “हाच लावा.”

दुसरा आहे. त्याच दिवशीचा, लगेच नंतरचा. आई हसतेय, तोंडावर पदर न्यायचा राहून गेलाय. तो मी आतल्या खोलीत लावलाय, दोरीला, चिमट्यानं.