बिनकवाडाचं घर

शनिशिंगणापुरात दर्शन झाल्यावर तहान लागली म्हणून मी एका घरासमोर उभी राहून पाणी मागितलं. चौकटीला कवाड नव्हतंच, नुसता ओला पडदा होता. आतून एक बाई ओरडली, "तिथंच थांबा! म्होरं येऊ नका!"

मी हबकलेच. आजच्या काळातही विटाळ? तणतणत मी पडदा बाजूला सारला. बाई नाकाला पदर लावून, भिंतीला धरत धरत खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

शेजारीण धावत आली. "अवो, शेंट मारलंय तुमी! तिला वास सोसत न्हाई. बारा महिने थकलेलीच असती, त्यात फवारनीचा न्हाईतर अगरबत्तीचा वास आला की दोन-दोन दिस उठत न्हाई. डॉक्टर म्हनतो, मनाचं हाय. आमी तर गल्लीत अगरबत्तीच बंद केली."

मी रस्त्यावर आले. तिथूनच विचारलं, "मग कवाड का नाही बसवत?"

ती बाई आतून हसली. "गावात कुनीच बसवत न्हाई, ताई. चोराला देव अडवतो. वासाला कोन अडवनार?"

मी निघाले, तोच मागं फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. बसल्या जागेवरून तिनं भरलेला तांब्या काठीनं उंबऱ्याबाहेर ढकलला होता.

"पानी राह्यलं की तुमचं."