खाजणाला जायची तालीम

वडशाजवळच्या एका तलावात मी बुडालो, तेव्हा माझ्या अंगावर राजाचा पोशाख होता. पोशाखाचं नंतर सांगतो. आधी बुडायला गेलो कशाला, ते सांगायला हवं.

मी तेव्हा वडशाच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. मोबाईल अजून यायचे होते. ज्याच्या घरी फोन तो श्रीमंत, बाकी आम्ही सगळे चौकातल्या एसटीडी बूथवर, असा तो काळ. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत माझ्या बायकोनं, विमलनं, माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. तिला समुद्र पाहायचा होता. (सोनं मागितलं नाही या आनंदात मी लगेच हो म्हटलं होतं.) पण एका वर्षी निवडणुकीची ड्युटी आली, दुसऱ्या वर्षी मंडई आडवी आली. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि मधल्या वेळात घरी उतरलेल्या पाहुण्यांच्या पंगती. मंडईच्या दिवसांत दाराला कुलूप लावून समुद्र पाहायला जाणाऱ्या माणसाशी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत पुढे कोणी सोयरीक करत नाही.

त्या वर्षी मात्र मी चंग बांधला. मंडया सुरू व्हायच्या आत परत येऊ अशी बल्लारपूरहून मद्रासकडे जाणाऱ्या गाडीची तीन तिकिटं काढली. जायचं होतं पुलिकतला. मद्रासच्या अलीकडे समुद्राला लागून एक भलंमोठं खारं तळं आहे, त्याला भूगोलात खाजण म्हणतात. तळं ओलांडलं की वाळूची पट्टी आणि पट्टीच्या पलीकडे विमलचा समुद्र. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं तिथलं रंगीत पत्रक आणलं होतं. त्यात टोपी घातलेला एक हसरा माणूस दोन्ही हातांनी नाव वल्हवत होता आणि त्याची बायको कौतुकानं त्याच्याकडे बघत होती. झालं! नुसतं काठावर उभं राहून समुद्र बघणं मला एकदम कमीपणाचं वाटायला लागलं.

"आपण नाव वल्हवाची, पोवाचं, सायकल चालवाची," मी घरी जाहीर केलं. "उद्यापासून तयारी."

"मले फक्त समुद्र पाह्याचा आहे जी," विमल म्हणाली. "त्याच्यात उतरून काही कराचं नाई."

"तयारी नसताना पाण्याजवळ जाऊ नाई. मी शिकवतो ना."

"तुमाले पोवता येते?"

"शास्त्र माहीत आहे."

ती पुढे काहीतरी बोलणार होती. पण मी वेळापत्रक भिंतीला चिकटवायच्या गडबडीत होतो, त्यामुळे ते राहूनच गेलं.

वेळापत्रकानुसार पहाटे साडेपाचला धावणं. पुढे मी, मागे आमची दहा वर्षांची सोनू आणि तिच्या मागे पदर खोचलेली विमल. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या भाऊंनी दात घासता घासता विचारलं, "गुरुजी, वाघ कुठपर्यंत आला?" तिसऱ्या दिवशी सोनू झोपूनच राहिली. चौथ्या दिवशी माझा पाय मुरगळला आणि वेळापत्रकातलं धावणं खोडून मी तिथं 'श्वसनाचे व्यायाम' असं लिहिलं.

पत्रकातल्या माणसाच्या अंगात केशरी रंगाचं फुगीर जाकीट होतं. तसलं वडशात कुठून मिळणार? पण वडशात रहीमभाई होता. तो नाटक मंडळ्यांचे पोशाख शिवायचा. हिवाळ्यात झाडीपट्टीत जेवढे राजे रंगमंचावर मरायचे, त्यातले निम्मे त्याच्या कपड्यांत मरायचे. नाटकांचा हंगाम तोंडावर आलेला, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तरी दोस्तीखातर त्यानं माप घेतलं.

"मास्तर, केशरी कपडा नाई. राजाचा मखमल उरला आहे, मरून कलरचा. जरीची किनार लागूनच आहे. चालते?"

"चालते. आतमधी कापूस भरून दे. माणूस तरंगला पाह्यजे."

"मग सावरीचा कापूस लागन. तो पाणी नाई पीत. खेड्यातून आणाले दोन रोज लागते."

"दोन रोज कोणापाशी आहेत? गादीतला भर. कापूस तो कापूस."

रहीमभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर आणि तो शिंपी, म्हणून बिचारा गप्प बसला. शहाण्या माणसानं मास्तरसमोर गप्प बसावं, ही आपल्याकडची फार जुनी चूक आहे.

गाडीला तीन दिवस उरले असताना रविवारी सकाळी आम्ही तलावावर गेलो. तलावात शिंगाड्याची लागवड होती. ते काढणारे सीतारामभाऊ माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील, म्हणून त्यांनी आपला डोंगा दिला. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली होडी. ती एका बांबूनं रेटायची असते. पण पत्रकात दोन वल्ही होती. मग मी राईस मिलमधून धान ओढायची दोन लाकडी फावडी मागून आणली होती.

"गुरुजी, बसून राहा जी," सीतारामभाऊ म्हणाले. "डोंग्यात कोणी उभं राहत नाई."

विमल आणि सोनू काठावर. मी मखमली जाकीट चढवलं, डोंग्यात बसलो आणि वल्हवायला लागलो. डोंगा जागच्या जागी गोल फिरू लागला. एकदा मला बायको दिसे, एकदा पलीकडचा पळस दिसे. असं करत करत, माझी कसलीही इच्छा नसताना, डोंगा मधोमध पोहोचला.

"आता नीट बघा," मी ओरडून सांगितलं. आणि वर्गात सवय असल्याप्रमाणे, समजावून सांगण्यासाठी उभा राहिलो.

पाण्यात पडल्यावर पहिले दोन क्षण मी खरोखर तरंगलो. मखमलीत हवा अडकली होती. मी काठाकडे बघून हसलोसुद्धा. मग कापसानं पाणी प्यायला सुरुवात केली. जन्माची तहानलेली गादी असावी तसा तो प्यायला. खांद्यावर कोणीतरी धानाचं पोतं ठेवल्यासारखं वाटलं, पायांना शिंगाड्याचे वेल गुंडाळले आणि मी जरीच्या किनारीसकट खाली निघालो.

मग कोणीतरी माझी कॉलर पकडली. मला वाटलं सीतारामभाऊ. डोळे उघडले तर विमल! कासोटा घातलेली, एका हातानं मला ओढत, दुसऱ्या हातानं पाणी कापत चाललेली, आणि साधा दमही न लागलेली.

काठावर खोकून झाल्यावर मी विचारलं, "तुले पोवता येते?"

"माझं माहेर वैनगंगेच्या काठावर आहे जी. लहानपणी रोजच पोवत होतो आम्ही."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं कधी?"

वैनगंगेचा उगम, लांबी, उपनद्या मला तोंडपाठ होत्या. तिच्या काठावरच्या या बाईला मात्र अकरा वर्षांत मी काहीच विचारलं नव्हतं. मला मनापासून शरम वाटली. सोनू बघत होती, चार माणसं जमली होती. निदान बसताना तरी रुबाब राहावा म्हणून मी मागे सरकलो आणि शांतपणे खाली बसलो.

"तिथी नका बसू गुरुजी," सीतारामभाऊ म्हणाले. पण तोवर मी त्यांनी सकाळी काढलेल्या शिंगाड्यांच्या ढिगावर बसलो होतो. शिंगाड्याला दोन्ही बाजूंनी शिंगं असतात. ती किती टोकदार असतात हे भूगोलात येत नाही.

डॉक्टरांनी चिमट्यानं काटे काढले आणि पंधरा दिवस बसायचं नाही असं बजावलं. गाडीत तर एक अख्खा दिवस बसायचं होतं. मी खाटेवर पालथा पडलो होतो. विमलनं भरलेली बॅग उघडली आणि एकेक कपडा पुन्हा कपाटात ठेवायला लागली. त्यात समुद्रासाठी म्हणून घेतलेली नवी साडी होती. ती ठेवताना तिचा हात थोडा रेंगाळला. तेवढं बघवलं नाही.

"तू अन सोनू जा," मी उशीत तोंड ठेवून म्हणालो.

"एकटीच?"

"बुडणाऱ्या नवऱ्याले बाहेर काढते त्या बाईनं असं विचारू नाई."

"अन तुमचं जेवण?"

दारात रहीमभाई उभा होता. सकाळपासून तिसऱ्यांदा आला होता, आणि चूक माझी असून चेहरा त्याचाच पडला होता. "भाभी, तुम्ही बिनधास्त जा," तो म्हणाला. "मास्तरची जिम्मेदारी माझी."

त्या गेल्या. रहीमभाई दोन्ही वेळा डबा आणायचा आणि राजांच्या अंगरख्यांना बटणं लावत माझ्या खाटेजवळ बसायचा. मंडळ्यांच्या गोष्टी सांगायचा. मी पोटावर पडल्या पडल्या हसायचो आणि हसलं की दुखायचं. रहीमभाई आता नाही. पुढे मी बऱ्याच ठिकाणी फिरलो, पण सुट्टी म्हटलं की मला आजही तीच खाट आठवते.

चौथ्या दिवशी विमलचा फोन चौकातल्या बूथवर आला. मी लंगडत गेलो आणि अर्थातच उभ्यानं बोललो.

"पाह्यला जी समुद्र," ती म्हणाली.

"कसा आहे?"

"त्याले पलीकडचा काठच नाई. मी किती वेळ काठ शोधत होती." मग हळूच म्हणाली, "तुमी पाह्यजे होते."

मी घाईघाईनं मास्तरी आवाज काढला. "अन खाजण? नाव वल्हवली का?"

"नावाडी उतरून हातानं ढकलत नेते जी नाव. पाणी गुडघ्याएवढंच आहे."

"गुडघ्याएवढं?"

"सोनू तर निम्मं तळं चालतच गेली."

मी फोन ठेवला. समुद्राकाठच्या उथळ जलाशयास खाजण म्हणतात. हे वाक्य मी चौदा वर्षं वर्गात लिहून देत होतो, आणि त्यातल्या 'उथळ' या शब्दाखाली दरवर्षी न चुकता मुलांकडून लाल पेन्सिलीनं रेघ मारून घेत होतो.